आप्पांचं तपकिरी टेबल

"टेबल पोपटी," मनोरमाकाकू म्हणाल्या, "आणि खुर्ची राणी कलरची. खुर्चीच्या पाठीला हा पोपट-डाळिंबांचा कागद. हाच. दुसरा दाखवूसुद्धा नकोस."

मी आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून एका जुन्या ट्रंकेला प्रायमर लावत होते. काकू दारात उभ्या होत्या. उन्हातून आल्यामुळे तोंड लाल झालेलं, हातात मिटलेली छत्री. त्या छत्रीच्या टोकानं त्या माझ्या नक्षीच्या कागदांच्या गठ्ठ्यातला नेमका एक कागद टोचून दाखवत होत्या.

"कुणाचं टेबल, काकू?"

"ह्यांचं."

माझ्या हातातला ब्रश डब्यात बुडाला.

'हे' म्हणजे आप्पा. अच्युतराव कडगावकर. आमच्या तालुक्याच्या गावात त्यांना 'साधेपणाचे महामेरू' म्हणत, आणि म्हणताना कुणी हसत नसे. गावच्या साप्ताहिकात त्यांचं 'मीठ-भाकर' नावाचं सदर वर्षानुवर्षं चाललं. त्यात ते माणसानं काय काय सोडावं ते सांगत. त्यांच्या सांगण्यावरून गावातल्या कित्येक लग्नांतली जिलबी रद्द झाली, आणि त्या सुनांनी त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही. 'भडक' ही त्यांच्या तोंडची सगळ्यात मोठी शिवी. मिठाई भडक, नट्या भडक, बॅंडवाल्यांचे कोट भडक. शेजारच्यांची जास्वंदसुद्धा भडक. आता जास्वंद काही शेजाऱ्यांनी रंगवली नव्हती.

आप्पांकडे दोनच सदरे होते, ही गोष्ट शाळेच्या प्रत्येक गॅदरिंगमध्ये सांगितली जायची. दोन सदऱ्यांत कायम पांढराशुभ्र माणूस राहायचा असेल, तर रोज कुणीतरी एक सदरा धुवावा लागतो, हे मात्र गॅदरिंगमध्ये कुणी सांगितलं नाही. ते 'कुणीतरी' आत्ता माझ्या शेडच्या दारात राणी कलर मागत उभं होतं.

"पण काकू, ते टेबल तर स्मारकात जाणार ना?"

"म्हणून तर घाई आहे. रविवारी येणार आहेत न्यायला. त्याआधी झालं पाहिजे."

आप्पांना जाऊन वर्ष व्हायला आलं होतं. त्यांच्या नावानं विचार समिती निघाली होती, आणि वाचनालयाच्या माडीवर स्मृतिदालन उघडायचं ठरलं होतं. तिथं आप्पांचा चष्मा, आप्पांची कापडी पिशवी, आणि मधोमध ते प्रसिद्ध टेबल-खुर्ची. आंब्याच्या लाकडाचं, तपकिरी ऑइलपेंट मारलेलं, एक खण असलेलं. त्याचा फोटो आप्पांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर होता. आतल्या पानांपेक्षा तो फोटोच जास्त लोकांनी बघितला असेल.

"तुम्ही बसा आधी," मी म्हटलं.

"बसायला वेळ नाही. येतेस का नाही ते सांग. पन्नास वर्षं तपकिरी बघितलंय मी. टेबल तपकिरी, कपाट तपकिरी, दारं तपकिरी. हे गेले त्या दिवशी डॉक्टरांनी आणलेली बॅगपण तपकिरी. आता डोळे मिटायच्या आधी जरा रंग बघू दे मला. आणि एकदा रंगवलं, की ती माणसं नेणार नाहीत. दोन्ही कामं होतील."

मी त्या वेळी पुण्याचा नवरा आणि पुण्याची बॅंक, दोन्ही एकाच महिन्यात सोडून गावी परतले होते. बॅंकेचं काय झालं, असं मला गावात कुणीही विचारत नव्हतं. जुनं फर्निचर घासून त्यावर रंग आणि कागद चढवण्याचं मी एका शिबिरात शिकून आले होते, आणि तोच आता माझा धंदा होता. गावाच्या मते ही नवरा सोडल्यामुळे आलेली विकृती होती. गिऱ्हाइकं जेमतेम होती. त्यातली निम्मी माझ्याकडे बघून जायला येत.

आईला सांगितलं तर तिनं कणकेचा हात तसाच कपाळाला लावला.

"वृंदे, गावात राहायचंय आपल्याला. आप्पांचं टेबल पोपटी करून तू कुठल्या तोंडानं बाजारात जाणार?"

"काकूंचं टेबल आहे ते आता."

"काकूंना काय, त्या म्हाताऱ्या झाल्या. त्यांना कुणी काही बोलणार नाही. सगळं तुझ्यावर येणार. आधीच काय कमी आहे?"

तिचं बरोबरच होतं. पण मी सहा वर्षांची असताना माझ्या वाढदिवसाला आप्पा आमच्या दारावरून चालले होते, आणि माझ्या नव्या नारिंगी झालरीच्या फ्रॉककडे बघून त्यांनी माझ्या बाबांना विचारलं होतं, "काय हो, सर्कस कधी उतरली गावात?" बाबा हसले होते. मी तो फ्रॉक पुन्हा घातला नाही. दुसऱ्या दिवशी मी ब्रश, प्रायमर आणि काचपेपर पिशवीत भरून काकूंच्या घरी गेले.

टेबल-खुर्ची शेडमध्ये आणली असती तर वाटेतच बोंब झाली असती, म्हणून काम काकूंच्या मागच्या पडवीत करायचं ठरलं. काकूंनी पुढचं दार लावून घेतलं आणि शेजारणीला सांगून टाकलं, की डोळ्यांत औषध घातलंय, दोन-चार दिवस कुणी येऊ नका.

आधी खुर्ची घेतली. काकू स्टुलावर बसून मला सूचना देत होत्या. त्यांना मी कधी एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. आप्पा होते तोवर आलेल्या माणसाला त्यांच्याकडून फक्त पाणी आणि गूळ मिळायचा. चहा ही चैन होती, आणि बोलणं बहुतेक त्याहून मोठी चैन असावी.

"अजून गडद," त्या म्हणाल्या.

"काकू, याहून गडद केली तर रात्री दिवा लावायला नको."

"मग चांगलंच आहे की. विजेची बचत. ह्यांना आवडलं असतं."

आणि त्या फिसकन हसल्या. मग लगेच पदर तोंडाला लावून दाराकडे बघितलं. सवयीनं.

खुर्ची झाली. दोन हात राणी, पाठीला पोपट-डाळिंबांचा कागद, वरून वॉर्निश. हवा दमट होती, वॉर्निश सुकायला नखरे करत होतं. आम्ही खुर्ची पडवीच्या कोपऱ्यात ठेवली आणि काकू तिच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. नवी नवरी बघायला आल्यासारख्या.

"सुबोधदादा येईल ना शनिवारी?" मी विचारलं.

सुबोधदादा म्हणजे त्यांचा मुलगा. कोल्हापूरला असायचा. आप्पांच्या साधेपणावर व्याख्यानं द्यायचा, गावोगावी. मोठ्या गाडीतून यायचा, पण गाडी लांब लावून स्टेजपर्यंत चालत यायचा.

"रविवारी समितीबरोबरच येणार आहे," काकू म्हणाल्या. "स्मारक त्याच्याच डोक्यातलं. फार मेहनत घेतलीय त्यानं. देणगीसाठी कुणाच्या ना कुणाच्या मागं असतोच." मग जरा थांबून म्हणाल्या, "ओरडेल. ओरडू दे."

मग टेबल घेतलं.

त्यावरचा तपकिरी रंग माझ्या अंदाजापेक्षा जाड होता. काचपेपरनं घासायला लागले तर रंगाची भुकटी होण्याऐवजी त्याचे पापुद्रे सुटायला लागले, उन्हात पोळलेल्या पाठीसारखे. मला विचित्र वाटलं. लाकडावर थेट मारलेला जुना रंग असा सुटत नाही. तो लाकडात शिरून बसतो. मी खरवडणी घेतली आणि एका कडेनं हलकेच आत सारली. हाताएवढा पापुद्रा अख्खा निघाला.

खाली निळं होतं. दुकानांच्या फळ्यांना असतं तसलं निळं. आणि त्या निळ्यावर एक हत्ती.

हत्ती सोनेरी होता. त्याच्या पाठीवर अंबारी, अंबारीत एक बाई, बाईच्या हातात गुलाब. कागदाचा होता, कापून चिकटवलेला. कडा इतक्या नीट कापलेल्या, की सोंडेचा बाकसुद्धा कुठं चुकला नव्हता. मी आणखी खरवडलं. हत्तीशेजारी एक मोर निघाला. मोराखाली घुंगरू बांधलेली एक नाचणारी बाई, कंबर इतकी वाकवलेली की मलाच दुखलं.

"काकू!" मी हाक मारली. "काकू, लवकर या!"

काकू हात पुसत बाहेर आल्या. टेबलाकडे बघितलं. मग हळूच खाली बसल्या. स्टुलावर नाही, जमिनीवर. टेबलाच्या उंचीला डोळे आणून त्या हत्तीकडे बघत राहिल्या. किती वेळ, मला सांगता येणार नाही. चुलीवर, म्हणजे गॅसवर, काहीतरी करपल्याचा वास यायला लागला तेव्हा मीच उठून गॅस बंद केला.

परत आले तर त्यांचं एक बोट नाचणाऱ्या बाईच्या घुंगरावर होतं.

"ही कापडाच्या ताग्यावरची चित्रं," त्या म्हणाल्या. "पूर्वी प्रत्येक ताग्यावर एक चिकटवलेलं असायचं. मिलचं."

"किती सुंदर कापलीत! तुम्ही केलं होतं हे?"

काकूंनी घुंगरावरचं बोट मोराकडे नेलं.

"पोपटी नको आता," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "नुसतं खरवड. हळू खरवड. बाईचा हात तोडशील."

मी विचारलं नाही. मला कळलं, असं मला वाटलं. नवी सून, हौसेनं टेबल सजवते, नवरा येऊन 'भडक' म्हणतो आणि वर तपकिरी फासतो. ही गोष्ट मला तोंडपाठ होती. माझ्या स्वतःच्या नवऱ्याबद्दल मी गावाला अशा बऱ्याच गोष्टी सांगितल्या होत्या. मी दात-ओठ खात खरवडत राहिले, आणि प्रत्येक पापुद्र्याबरोबर मनातल्या मनात आप्पांना एकेक सुनावत राहिले.

रविवारी समिती आली तेव्हा टेबल निम्म्याहून जास्त मोकळं झालं होतं.

पुढं सुबोधदादा, पांढऱ्या झब्ब्यात. त्याच्यामागं समितीचे अध्यक्ष रावसाहेब हेब्बाळे, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पायजम्यात. रावसाहेबांचं कापड दुकान होतं आणि आप्पांच्या विचारांवर त्यांची निष्ठा होती. दुकानात भरजरी शालू विकताना ती निष्ठा ते घरी ठेवून येत. त्यांच्यामागं आणखी दोघं-तिघं आणि एक फोटोग्राफर. बाहेर टेम्पो उभा होता. टेम्पोला झेंडूची माळ घातली होती.

"आई, टेबल कुठंय?" सुबोधदादानं विचारलं. बैठकीतली टेबलाची जागा रिकामी होती.

"मागं पडवीत आहे. या सगळे. पोहे खाणार ना आधी?"

"आधी टेबल बघू, वहिनी," रावसाहेब म्हणाले. "नमस्कार करू, मग पोहे."

सगळी वरात पडवीत आली. मी खरवडणी घेऊन टेबलापाशी उभी होते. लपावं म्हटलं तर पडवीला खांब एकच होता आणि तो माझ्यापेक्षा बारीक होता.

फोटोग्राफरनं सवयीनं एक फोटो काढला. फ्लॅश पडला.

"हे काय आहे?" सुबोधदादा म्हणाला.

"खुर्ची," काकू म्हणाल्या.

"खुर्ची दिसतेय मला, आई! ती राणी कलरची का आहे?"

"मला आवडतो म्हणून."

"तुला आवडतो म्हणून? आई, ही बाबांची खुर्ची आहे! महाराष्ट्रभर या खुर्चीबद्दल बोलतो मी! 'एक साधी खुर्ची, एक साधं टेबल आणि एक असाधारण माणूस', असं सुरू होतं माझं व्याख्यान!"

"मग सुरुवात बदल की."

दादा माझ्याकडे वळला. "वृंदा, हे तुझं काम ना? तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना," मी म्हटलं. "रंगाचा तिसरा हात द्यायला पाहिजे होता बसायच्या बाजूला."

रावसाहेबांना घाम फुटला होता. त्यांनी कपाळ पुसलं, मागं सरकले, पाय खुर्चीला लागला आणि धक्क्याच्या भरात ते खुर्चीवरच बसले. "ही विटंबना आहे," ते क्षीण आवाजात म्हणाले. "सुबोधराव, ही विटंबना आहे."

"रावसाहेब, उठा," मी म्हटलं. "वॉर्निश अजून–"

"तू मध्ये बोलू नकोस, मुली!" त्यांची नजर आता टेबलावर गेली होती. त्यांनी बोट रोखलं. "आणि ही… ही बाई? आप्पांच्या टेबलावर? नाचणारी? ज्या टेबलावर आप्पांनी 'चैनीचा चिखल' हे पुस्तक लिहिलं त्या टेबलावर ही असली कागदं चिकटवलीत तुम्ही? घटस्फोट घेऊन आलीस ते ठीक आहे, पण एका थोर माणसाचं–"

"तिनं नाही चिकटवलीत," काकू म्हणाल्या.

"मग तुम्ही? वहिनी, या वयात?"

"मीपण नाही. ह्यांनी चिकटवलीत."

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला.

"कुणी?" सुबोधदादानं विचारलं.

"तुझ्या बापानं."

काकू टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. पोह्यांत मीठ कमी आहे का, असं विचारावं तसा होता.

"तुझा जन्म व्हायचा होता. आम्ही तेव्हा निपाणीत राहायचो, एका खोलीत. हे कापड दुकानात मोजायला होते. नोकरच, रावसाहेब, तुमच्या दुकानात असतात तसे. मी नवी. सासर म्हणजे एक खोली आणि एक खिडकी, तीही गोठ्याकडं उघडणारी. मी रोज रडायची. एक दिवस हे आले आणि खिशातून एक हत्ती काढला. ताग्यावरचं चित्र. वाफेवर धरून अलगद सोडवलेलं. मालकाला कळलं असतं तर कामावरून काढलं असतं. मग रोजच एक आणायला लागले. मोर, राजा, विमान, विलायती मडमिणी. दुकानाच्या फळ्या रंगवून उरलेला निळा रंग मागून आणला, टेबल रंगवलं, आणि रोज एक चित्र कापून चिकटवायचे. कात्री काय चालायची ह्यांची! आणि तोंडानं नाटकातली पदं. आवाज रेड्यासारखा. बाजूच्या खोलीतली म्हातारी भिंत बडवायची."

"बाबा?" सुबोधदादा म्हणाला. "पदं?"

"ही नाचणारी चिकटवली तेव्हा मी म्हटलं, हिच्याकडं बघत जेवायचं का मी? तर म्हणाले, तू हिच्याकडं बघ, मी तुझ्याकडं बघतो."

कुणीतरी खोकलं. रावसाहेब खुर्चीत बसून होते.

"मग ह्यांचा तो पहिला लेख छापून आला. साधेपणावर. कुठल्यातरी स्पर्धेसाठी लिहिला होता गमतीनं. त्याचं फारच कौतुक झालं. पुण्याहून मोठी माणसं भेटायला येणार असं पत्र आलं. तेव्हा मी माहेरी होते, तुझ्याच बाळंतपणाला. सव्वा महिन्यानं तुला घेऊन आले, तर टेबल तपकिरी. विचारलं, तर म्हणाले, 'भडक होतं. खरवडून टाकलं सगळं. माणसं येतात आता घरात.' मी म्हटलं, बरं." काकूंनी पदर नीट केला. "तेव्हापासून बरंच म्हणतेय."

मला वाटतं, मी गप्प राहायला हवं होतं. पण माझ्या हातात खरवडणी होती आणि समोर ते लाकूड होतं.

"पण काकू, खरवडलं नाहीच त्यांनी," मी म्हटलं.

"ते दिसतंच आहे. कंटाळा केला असेल. तसाच रंग फासला वरून."

"तसाच नाही फासला. इकडे बघा." मी त्यांचा हात धरून टेबलाच्या कडेशी नेला. "ही चकाकी बघा चित्रावरची. हे वॉर्निश आहे. चित्रांवर आधी जाड वॉर्निश दिलंय, दोन-तीन हात, कोपरेसुद्धा सोडले नाहीत. ते पूर्ण वाळू दिलंय. आणि मग वरून तपकिरी मारलाय. म्हणून तर तो असा पापुद्र्यानं निघतोय. नुसताच रंग फासला असता तर कागद केव्हाच गेले असते. हे एका दिवसाचं काम नाही, काकू. तुम्ही माहेरी असताना बरेच दिवस बसून केलंय हे."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांना हे परत काढायचं होतं. निदान नासू द्यायचं नव्हतं."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग टेबलाकडे. त्यांनी नखानं ती चकाकी खरवडून बघितली. नख निसटलं.

"खोटारडा मेला!" त्या म्हणाल्या.

आणि हसायला लागल्या. पदर तोंडाला लावायचं विसरून, मोठ्यानं, पोट धरून. "अगं, खोटारडा! पन्नास वर्षं! या बाईवर कोपर ठेवून 'चैनीचा चिखल' लिहीत होता! आणि मी मेली खाली तपकिरीच आहे म्हणून रोज पुसतेय!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते हसण्याचं होतं का कसलं, ते त्यांनी आम्हाला कळू दिलं नाही. "पाहुणे गेले की काढू, असंच म्हणाला असेल मनाशी. पण पाहुणे काही संपलेच नाहीत हो, रावसाहेब. एक गेला की दुसरा. आणि आता तुम्ही. टेम्पो घेऊन."

रावसाहेबांनी घसा साफ केला. ते व्यवहारी माणूस होते.

"वहिनी, भावना समजतात आम्हाला. पण हे बाहेर जाता कामा नये. उद्घाटनाच्या पत्रिका गेल्यात. मी म्हणतो, हिच्याकडूनच पुन्हा तपकिरी मारून घेऊ. आज मारला तर उद्यापर्यंत वाळेल. काय गं, होईल ना?"

"होईल," मी म्हटलं. "पण मी करणार नाही."

"मग दुसरा पेंटर बघू. सुबोधराव, तुम्ही सांगा आईंना."

सुबोधदादा टेबलाशी वाकला होता. अजून न खरवडलेल्या भागाच्या कडेला एका विमानाचं शेपूट बाहेर डोकावत होतं. तो त्यावरून अंगठा फिरवत होता. हा माणूस मी लहानपणापासून बघत होते. पतंगाला कागदी शेपटी लावली म्हणून त्याला अंगणात उभं करून साधेपणावर व्याख्यान ऐकवलेलं मी स्वतः ऐकलं होतं.

"मला कधी विमान नाही आणलं," तो म्हणाला. कुणाला म्हणाला, कळलं नाही.

"सुबोधराव?"

"टेबल इथंच राहील, रावसाहेब."

"अहो, पण स्मारक! मधोमध काय ठेवायचं?"

"दुसरं एखादं बघा. तपकिरी."

रावसाहेब रागानं उठले. उठले म्हणजे उठण्याचा प्रयत्न केला. खुर्चीनं त्यांना लगेच सोडलं नाही. चर्रकन आवाज झाला, आणि ते वळून ताडताड बाहेर चालायला लागले तेव्हा आम्हाला त्यांची पाठमोरी बाजू दिसली. पांढऱ्या पायजम्यावर राणी कलरचे दोन भरदार पट्टे, आणि सदऱ्याच्या पाठीवर अर्धं डाळिंब. कुणीही त्यांना सांगितलं नाही. बाजारपेठेतून झेंडूची माळ घातलेल्या रिकाम्या टेम्पोत, मागं उभे राहून, ते त्या वेषात गेले. गावात पुढं कितीतरी दिवस तेच चाललं होतं. माझ्या घटस्फोटाची जागा त्या डाळिंबानं घेतली ती कायमची.

पोहे आम्ही तिघांनीच खाल्ले.

स्मृतिदालनाचं उद्घाटन ठरलेल्या दिवशीच झालं. मधोमध एक तपकिरी टेबल होतं, कोल्हापूरच्या जुन्या बाजारातून आणलेलं. समोर पाटी: 'याच टेबलावर आप्पांनी…' वगैरे. शाळेची मुलं रांगेनं येऊन त्याला नमस्कार करत होती. सुबोधदादाचं भाषण फार छोटं झालं. ते टेबलापासून सुरू झालं नाही. काकूंच्या हस्ते दीपप्रज्वलन होतं. दिवा लावून त्या त्या टेबलापाशी गेल्या आणि चांगला खाली वाकून नमस्कार केला. मी शेजारी उभी होते.

"कुणाचं असेल गं?" त्या ओठ न हलवता म्हणाल्या.

"कुणा तलाठ्याचं असेल."

"बिचारा. त्याच्या बायकोला माहीत आहे का, की तो थोर झाला?"

मला हसू आवरेना, म्हणून मी रावसाहेबांच्या नव्या पायजम्याकडे बघितलं. त्यानं काही मदत झाली नाही.

घरी आल्यावर काकूंनी समितीनं दिलेली शाल घडी करून ठेवली आणि चहा टाकला. टेबल आता बैठकीत खिडकीशी होतं. सगळं मोकळं झालं होतं: राजे, मडमिणी, विमान, कुठल्यातरी मिलचं नाव असलेला एक सिंह. फक्त उजव्या हाताच्या कोपऱ्यात तळहाताएवढं तपकिरी राहिलं होतं. तिथं रंग घासून घासून गुळगुळीत झाला होता. लिहिताना आप्पांचं कोपर तिथं टेकायचं.

पिशवी माझ्याजवळच होती. मी खरवडणी काढली.

"एवढं आत्ता काढून टाकते, काकू. खाली काय आहे ते बघू."

काकूंनी त्या डागावर हात ठेवला.

"तेवढं राहू दे," त्या म्हणाल्या. "नवऱ्याचं सगळंच उघडं करायचं नसतं."

मी खरवडणी पिशवीत ठेवली, आणि आम्ही चहा घेतला.